डाव्या पिळाचे सूत

आमच्या घरात उजव्या सोंडेचा गणपती कधी आला नाही. आजीचे म्हणणे असे, की तो कडक असतो, सोवळ्याओवळ्यात जरा कमीजास्त झाले की बाधतो. संसारी माणसाने डाव्या सोंडेचाच आणावा. बाबा मूर्ती आणायला मालवा मिलच्या चौराह्याकडे निघाले की ती ओटल्यावर येऊन पुन्हा बजावायची, "सोंड बघून घे रे." अष्टविनायकांत उजव्या सोंडेचा एकच, सिद्धटेकचा. त्याला तिने आयुष्यभर लांबूनच हात जोडले.

हीच आजी माझ्या डाव्या हाताला फडके बांधून ठेवायची. जेवताना, फुले वेचताना, वाती वळताना. देवाची सोंड डावीकडे वळली तर ती सौम्य, घरात नांदणारी. नातीचा हात तिकडे वळला तर अवलक्षण. तिच्या मनात या दोन गोष्टी कधी समोरासमोर आल्याच नाहीत. माझ्या मनात मात्र त्या इतकी वर्षे भांडत आहेत. मी इंदूरच्या परदेशीपुऱ्यात राहते, मुलींना क्रोशा शिकवते, रोज देवपूजा करते आणि सगळी कामे डाव्या हाताने करते. त्यामुळे पावित्र्य हातात असते की आणखी कुठे, हा प्रश्न माझ्यासाठी पोथीतला नाही, सुई उचलली की समोर येणारा आहे.

परदेशीपुरा म्हणजे मिलवाल्यांची वस्ती. मालवा, हुकुमचंद, कल्याण, राजकुमार, स्वदेशी, भंडारी, इतक्या भोंग्यांवर इथल्या चुली पेटत. हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१मध्ये बंद पडली, बाकीच्याही मागेपुढे गेल्या. अनंत चतुर्दशीच्या झाँक्या तेवढ्या अजून मिलच्या नावाने निघतात. बाबा साचाखात्यात होते. तिथले साचे, म्हणजे कापडाचे माग, डावे आणि उजवे असे दोन जातींचे असत. चालू करायची मूठ एकाची या अंगाला, दुसऱ्याची त्या अंगाला, म्हणजे मधल्या बोळात उभा राहून एकच माणूस दोन्हींवर नजर ठेवू शके. सगळे साचे उजवेच केले असते तर विणकराला धावपळ करून दम लागला असता. खंडेनवमीला हळदकुंकू दोन्हींना लागे. डाव्या साच्याचे कापड कुणी वेगळे ठेवले, देवाला चालत नाही म्हणून परत केले, असे बाबांनी कधी ऐकले नव्हते. धोटा तर दिवसभर डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडेच पळत असे.

सुताचेही तसेच. कापूस एका अंगाने पिळला की त्याचा धागा होतो. पण दोन-तीन धागे एकत्र करून पक्का दोरा हवा असेल, तर ते उलट अंगाने पिळावे लागतात. त्याच अंगाने पिळत राहिलात तर दोरा स्वतःभोवती गुरफटतो, त्याला गाठी पडतात. उलट पीळ दिला की दोन्ही पीळ एकमेकांना धरून ठेवतात. मिलमध्ये हे कुणालाही विचारा. आता जानवे घ्या. त्यातही तीन पदर एका अंगाने पिळायचे आणि ते तिहेरी करून पुन्हा उलट अंगाने पिळायचे, असेच आहे. ब्रह्मगाठ त्यानंतरची. म्हणजे ज्या सुतावर आपण एवढे मंत्र म्हणतो, ते डाव्या पिळावाचून टिकतच नाही. आणि घालायचे कुठे? डाव्या खांद्यावर. पितरांसाठी अपसव्य केले म्हणजेच ते उजव्या खांद्यावर जाते. मुंजीत बटूला हे सगळे सांगतात, आणि त्याच दुपारी मातृभोजनाला त्याने डावा हात पुढे केला की मांडवातल्या पाचजणी एकदम ओरडतात.

मला क्रोशा आत्याने शिकवला. त्या काळी रुखवतात क्रोशाचा ताटावरचा रुमाल, दुधाच्या भांड्यावरची मणी लावलेली जाळी, दाराचे तोरण नसेल तर मुलीला काही येत नाही असे समजत. आत्या उजवी. इतर मुलींना ती शेजारी बसवून शिकवी. मला तिने समोर बसवले. "माझ्याकडे आरशात बघतेस असं समज," म्हणाली. एवढ्या एका वाक्यात माझे शिक्षण झाले. समोर बसले की तिचा उजवा हात माझ्या डाव्याच्या समोर येतो. ती सुई जशी वळवते तशीच मी वळवायची, काही उलटेसुलटे मनात करावे लागत नाही. पुस्तकातला नमुना आला की मात्र खरी कसरत. उजव्या हाताची वीण उजवीकडून डावीकडे जाते, माझी डावीकडून उजवीकडे. साखळ्या तेवढ्याच, खांब तेवढेच, मुके खांब तेवढेच, पण चित्र उलटे. "डावीकडच्या कमानीत" असे छापले असेल तिथे मला उजवीकडची शोधावी लागते. दोऱ्याचा पीळही आपला स्वभाव दाखवतो. एकीच्या हातात जो विणता विणता घट्ट होत जातो, तोच दुसरीच्या हातात उकलू लागतो.

क्रोशा हे एकाच हाताचे काम आहे म्हणून हा घोळ. उशीवर टाचण्या खोचून, लाकडी बॉबिनांवर दोरा गुंडाळून जी लेस करतात, तिच्यात तो फारसा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मिशनरी बायकांनी ती नागरकोइलला नेली आणि तिथल्या बायका ती करू लागल्या. तिच्यात दोन्ही हातांत बॉबिनांची एकेक जोडी असते. एकदा आतल्या दोन एकमेकींवरून घालायच्या, एकदा जोड्यांना पीळ द्यायचा. पुढचा हात आणि मागचा हात असा भेदच उरत नाही. मला ती करायला मिळाली असती तर कदाचित मी हा विचारच केला नसता.

पण गोल रुमाल विणताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली, आणि ती मला कुठल्याही पोथीपेक्षा मोठी वाटते. गोल रुमाल मधून सुरू होतो. चार-सहा साखळ्यांचे कडे करायचे आणि त्याच्याभोवती फेरे घेत बाहेर यायचे. उजव्या हाताची बाई विणते तेव्हा सुलट बाजूने पाहिले तर तिचे फेरे घड्याळाच्या उलट जातात. डाव्या हाताचे फेरे घड्याळाप्रमाणे जातात. म्हणजे प्रदक्षिणेसारखे. आपण देवळात देवाला उजवीकडे ठेवून जसे फिरतो, तसा माझा दोरा त्या मधल्या कड्याभोवती फिरतो. माझ्या सगळ्या मैत्रिणी, सुगरण, उजव्या, सोवळ्यातल्या, देवाच्या चौरंगावर घालायचा रुमाल उलट प्रदक्षिणा घालत विणतात, आणि त्यांना त्याचा पत्ता नसतो. हे मी पहिल्यांदा बोलून दाखवले तेव्हा भजनी मंडळात हशा झाला. मग एकजण जरा गंभीर होऊन म्हणाल्या, "पण मग आमचे रुमाल चालतात ना देवाला?"

चालतात, अर्थातच चालतात. प्रदक्षिणेचा उजवेपणा हातात नसतो. मध्ये काय ठेवले आणि आपण कुठे उभे राहून पाहतो, यावर तो ठरतो. रुमाल उलटा केला की माझेही फेरे उलट फिरू लागतात. शंकराच्या देवळात तर सोमसूत्र ओलांडायचे नाही म्हणून आपण अर्ध्या वाटेवरून मागे वळतोच. जाताना एक दिशा, येताना दुसरी, आणि दोन्ही मिळून एक प्रदक्षिणा. दक्षिणावर्ती शंखाची गंमत याहून मोठी. तो दुर्मीळ, म्हणून पवित्र, म्हणून महाग, आणि म्हणून बाजारात फसवणूकही भरपूर. प्राणिशास्त्रज्ञ शंखाचे टोक वर धरून बघतात. त्यांच्या बघण्याप्रमाणे घरोघरचा साधा शंख उजव्या वळणाचा ठरतो, आणि आपला दक्षिणावर्ती ठरतो डाव्या वळणाचा, लाखांत एखादा जन्माला येणारा. आपण ज्याला उजवा म्हणून देव्हाऱ्यात बसवले, तो त्यांच्या हिशेबात शंखांमधला डावखुरा.

तत्त्वज्ञ इमान्युएल कांटने १७६८मध्ये एका निबंधात हातांचाच दाखला घेतला होता. दोन्ही हात मापाने, आकाराने सारखे, बोटांचा क्रमही तोच, तरी एकाचा हातमोजा दुसऱ्याला बसत नाही. हा फरक कशात आहे? वस्तूच्या कुठल्याही भागात तो दाखवता येत नाही. मला हे कांट वाचण्याआधीच एका टेबलक्लॉथने शिकवले होते. मोठे काम असल्याने फुले आम्ही चौघींनी वाटून घेतली होती. जोडायला बसलो तर माझी फुले इतरांच्या उलट कलत होती. पाकळ्या तितक्याच, माप तेच, दोरा अँकरचा त्याच क्रमांकाचा. उलटून लावली तर दिशा जुळे, पण मग वर येई ती विणीची उलटी बाजू. शेवटी माझ्या फुलांची बाहेरची किनार केली. आतली सगळी एका दिशेने, काठाची दुसऱ्या. घेणाऱ्या बाईंना तो नमुनाच वाटला.

आता हल्ली जे दुसरे टोक आले आहे त्याबद्दल. माझ्याकडे एक डावरी मुलगी शिकायला येते. तिची आई कौतुकाने सांगते, "मावशी, डावखुरी मुलं क्रिएटिव्ह असतात, मोबाइलवर आलं होतं." मला हे आजीच्या फडक्याइतकेच नको वाटते. जगात सुमारे दहा टक्के माणसे डावखुरी आहेत. ती सगळी कलावंत असती तर परदेशीपुऱ्याच्या चौराह्यावर उभे राहायला जागा मिळाली नसती. २०२५मध्ये मानसशास्त्रज्ञ दानिएल कासासांतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शंभरावर वर्षांचे संशोधन चाळून हेच सांगितले, की डावखुऱ्यांना सर्जनशीलतेत काही वरचढपणा दिसत नाही. उलट्या नमुन्याशी झुंजून मला प्रतिभा मिळाली नाही. एक खोड मात्र लागली: कुठलाही नियम वाचला की तो कुणाच्या हाताने लिहिला आहे, हे आधी बघायचे.

याच कासासांतोंचा २००९चा एक प्रयोग मला जास्त मोलाचा वाटतो. त्यांनी लोकांना दोन चौकटी दिल्या आणि चांगला मानलेला प्राणी एकीत, वाईट मानलेला दुसरीत काढायला सांगितला. उजव्यांनी बहुधा चांगला उजवीकडे काढला, डावखुऱ्यांनी बहुधा डावीकडे. ज्या बाजूने आपला हात सहज चालतो, ती बाजू आपल्याला शुभ वाटते. मग उजव्याचे पावित्र्य हा बहुमताचा निकाल झाला. रॉबेर हेर्त्झ या फ्रेंच अभ्यासकाने १९०९मध्ये उजव्या हाताच्या श्रेष्ठत्वावर निबंध लिहिला. देहातला फरक इतका थोडा, त्यावर समाजाने एवढा डोलारा का उभारला, हा त्याचा प्रश्न. पवित्र आणि अपवित्र अशी जगाची वाटणी समाजाने आधीच केलेली असते, ती देहावर उतरवायला त्याला दोन हात आयते सापडतात, असे त्याचे उत्तर. पुढे १९१५मध्ये तो महायुद्धात मारला गेला. त्याच १९०९ साली किल्डोनन कॅसल बोटीवर गांधीजी 'हिंद स्वराज' लिहीत होते. उजवा हात दुखू लागला तेव्हा चाळीस पाने त्यांनी डाव्या हाताने लिहिली. १९१८ आणि १९३५मध्ये ते इंदूरला हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून आले. इथल्या जुन्या घरांत त्यांच्या खादीच्या गोष्टी सांगतात, डाव्या हाताची कुणी सांगत नाही.

हेर्त्झचे उत्तर वाचल्यावर मला आजीच्या फडक्याचा अर्थ लागला. डावा हात अशुद्ध का, तर त्याच्याकडे देह धुण्याचे काम आहे. बरोबर. पण हा हिशेब कसा आहे बघा. जो हात घाण काढतो तो अपवित्र, आणि त्याने काढली म्हणून जो स्वच्छ राहतो तो पवित्र. हा न्याय आपण देहापुरता ठेवला नाही, गावभर मांडला. गाव स्वच्छ ठेवणाऱ्याला गावाबाहेर ठेवले आणि त्याच्या जिवावर स्वच्छ राहिलेल्याला देवळात घेतले. दक्षिणेत तर कित्येक शतके जातींचीच उजव्या हाताच्या आणि डाव्या हाताच्या अशी फळी पडलेली होती, आणि डाव्या फळीत कोण? सोनार, लोहार, सुतार, म्हणजे हाताने घडवणारे. मूर्ती ज्यांनी घडवायची तेच डावे. इंदूर २०१७पासून स्वच्छतेत देशात पहिले येत राहिले, त्याचा आम्हाला सगळ्यांना अभिमान आहे. पहाटे आमची गल्ली झाडणाऱ्या बाईच्या हातून किती घरांत पाण्याचा पेला घेतला जातो, हे मी ओटल्यावर बसून रोज बघते. माझ्या दृष्टीने डाव्या हाताचा प्रश्न इथे येऊन धर्माचा होतो. शिंकेचा, शकुनाचा, सोंडेचा राहत नाही.

आमच्या गुरुजींशी यावर माझे वर्षानुवर्षे चालू आहे. भला माणूस, माझे सगळे ऐकून घेतात. ते म्हणतात, "काकू, तुम्ही शुद्ध-अशुद्ध धरून बसलात. तो शिष्टाचार आहे. पंगतीत सगळ्यांनी एका हाताने घेतलं की वाढणाऱ्याला विचारावं लागत नाही." हे मला पटते. म्हणून प्रसाद मी उजव्या हाताने देते आणि घेते, हळदकुंकू उजव्याने लावते. दुसऱ्या माणसाशी व्यवहार असतो तिथे त्याची रीत पाळण्यात माझे काही जात नाही. पण वात वळताना, रांगोळी काढताना, देवाची उपकरणी घासताना समोर कोण असते? तिथे कोणाचा शिष्टाचार? गुरुजी हसून अर्धनारीश्वर काढतात: देवाने डावे अंग पार्वतीला दिले, यापेक्षा मोठा मान कोणता? मी म्हणते, मान दिला खरा, पण आशीर्वादाचा हात आपल्याकडेच ठेवला. मग ते नटराज काढतात. नटराजाचा वर उचललेला पाय डावा, आणि भक्ताला आसरा तोच, हे दाखवणारा हातही डावा. इथे मी गप्प बसते, कारण मुद्दा चांगला आहे. माझ्यापाशी एक अर्जुन आहे. गांडीव दोन्ही हातांनी ओढणारा म्हणून तो सव्यसाची, आणि गीतेच्या अकराव्या अध्यायात, तू केवळ निमित्त हो असे सांगताना कृष्ण त्याला याच नावाने हाक मारतो. निमित्त व्हायला डावा हात चालतो तर निरांजन धरायला का नाही?

कारण आरतीत डाव्या हाताला काम आहेच, असे गुरुजींचे उत्तर. उजव्यात निरांजन, डाव्यात घंटा. दोघांना वाटून दिले आहे. ती डावरी मुलगी परवा माझ्याकडे देवीच्या आरतीला आली होती. तिने निरांजन डाव्यात घेतले, घंटा उजव्यात, आणि ओवाळले मात्र प्रदक्षिणेच्याच दिशेने. तिच्या आजींनी गुरुजींकडे बघितले, गुरुजींनी माझ्याकडे. आरती झाल्यावर ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "काकू, जो नियम सोयीचा असेल तेवढाच पाळायचा, तर तो नियम कसला?"

याला माझ्याकडे अजून पुरते उत्तर नाही. उजव्यांना तो नियम जन्मतःच सोयीचा आहे, त्यांनी पाळला त्यात पाळण्यासारखे काय होते, एवढेच मी म्हणू शकले. ते विचार करतो म्हणाले. त्या मुलीला मी देव्हाऱ्यासाठी गोल रुमाल सुरू करून दिला आहे. समोर बसवून शिकवायची मला गरज नाही, आम्ही दोघी शेजारी बसतो. तिच्या आजींनाही शिकायचे आहे म्हणतात. त्या उजव्या आहेत, त्यांना समोर बसवावे लागेल.